पहिल्यांदाच रॅबिट पॉलीक्लोनल (सशात बनवलेली अँटीबॉडी) वापरायलास ना, मग हे वाच

अरे घाबरू नको, ईजीएफआरचा (पेशीच्या पृष्ठभागावरचं एक प्रोटीन) पहिलाच वेस्टर्न ब्लॉट (प्रोटीन वेगळी करून मेंब्रेनवर अँटीबॉडीनं शोधायची पद्धत) स्वच्छ आला असं फार कमी जणांचं होतं. नांदेडला एमएस्सी करताना माझी मेंब्रेन पण नुसती काळीभोर निघायची. सध्या एवढंच सांभाळ.

१. अँटीबॉडीची व्हायल आली की थोडी स्पिन मार आणि लगेच छोटे छोटे अलिकॉट (वेगळ्या ट्यूबमधले थोडे थोडे भाग) पाडून फ्रीजरला टाक. आपल्याकडं उन्हाळ्यात लाईटीचा काही नेम नाही, एका एप्रिलमध्ये माझी अख्खी व्हायल वितळली, परत गोठली, परत वितळली, अन् पुढं सिग्नलच येईना, लई जीवाला लागलं तेव्हा.

२. कंट्रोल (तुलनेसाठीचे नमुने) लावच. ए४३१ पेशींत ईजीएफआर भरपूर असतो, त्यांचं लायसेट (पेशी फोडून काढलेला अर्क) एका लेनमध्ये घाल. अन् एक पट्टी नुसत्या सेकंडरीची (पहिल्या अँटीबॉडीला चिकटून सिग्नल देणारी दुसरी अँटीबॉडी), म्हणजे घाण कुठून यायलीय ते कळतं. सेकंडरी अँटी-रॅबिटच आहे का ते लेबल वाचून बघ, अँटी-माउस टाकून दोन दिवस घालवलेले लई जण पाहिलेत.

३. बँड १७० किलोडाल्टनच्या (प्रोटीनच्या वजनाचं माप) आसपास शोध. अमिनो आम्लांच्या हिशोबानं १३४ येतं, पण साखरेच्या साखळ्या चिकटलेल्या असतात म्हणून तो वर दिसतो. नवीन पोरं १३४ ला बघत बसतात अन् अँटीबॉडी खराब म्हणतात.

पॉलीक्लोनल एकाच प्रोटीनच्या बऱ्याच जागा पकडते, म्हणून सिग्नल दणकट, पण फालतू बँडही येतात. बँड फिकट दिसला की अँटीबॉडी वाढवत सुटू नको, आधी १:५००, १:१०००, १:२००० असं पातळ करून बघ. लॉट (कंपनीची बॅच) बदलला की हे परत करायचं.