मियाटाच्या टर्बोसाठी स्टेनलेसचा मॅनिफोल्ड नाशिकमध्ये करून घ्यावा का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: इंग्लंडमध्ये १.८ लिटरची जुनी मियाटा (माझदाची दोन सीटची उघडी गाडी) आहे, टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप) बसवायचं किट सुटं सुटं जमवताय, टर्बो टी-२५ मापाच्या फ्लँजचा (बोल्टने जोडायच्या जाड पट्टीचा), दोनशेच्या आसपास हॉर्सपॉवर हवी. दिवाळीत नाशिकला येणार आहात, तर वायनरीची कामं करणाऱ्या टिग वेल्डरकडून (आर्गॉन वायूच्या आडोशात वेल्डिंग करणाऱ्याकडून) ३०४ या नेहमीच्या जातीच्या स्टेनलेसचा, समान लांबीच्या पाइपांचा मॅनिफोल्ड (सिलिंडरांचा धूर गोळा करून टर्बोला देणारा भाग) करून घेतला तर स्वस्त पडेल का. कास्ट लॉग मॅनिफोल्ड, म्हणजे ओतीव लोखंडाचा, सगळे सिलिंडर एकाच आखूड नळीत सोडणारा, तुम्हाला जुनाट वाटतो.

स्वस्त पडेल. करू नका.

नाशिकमध्ये स्टेनलेसची वेल्डिंग फार चांगली होते, याबद्दल वाद नाही. वायनऱ्या वाढल्या तशा अंबड-सातपूरच्या औद्योगिक वसाहतींतल्या शेडमध्ये टाक्या आणि पाइपलाइनची कामं करणारे तयार हात निर्माण झाले. पण त्या टाकीत थंड वाइन असते आणि तुमच्या पाइपातून आठशे-नऊशे अंशांचा धूर जाणार. दोन्हीकडे ३०४ आहे म्हणजे काम एकच, असं मानणारा एक माणूस मला चांगला ठाऊक आहे. तो माझा भागीदार होता.

आमच्याकडे पिंपळगावकडचे एक द्राक्ष बागायतदार सॅन स्टॉर्म घेऊन आले. नव्या पोरांना माहीत नसेल, गोव्यात बनलेली दोन सीटची उघडी गाडी, फायबरची बॉडी, रेनॉचं ११४९ सीसीचं इंजिन, साठेक हॉर्सपॉवर. दिसायला स्पोर्ट्स कार, पळायला बेताची. शेठना तिला टर्बो हवा होता आणि स्क्रॅपमधून स्विफ्ट डिझेलचा छोटा टर्बो त्यांनी आधीच आणलेला. मी म्हटलं, शेड्युल ४० चे (जाड भिंतीचे) साध्या स्टीलचे एल्बो घेऊ, आखूड लॉग करू, बारा मिमीचा फ्लँज, खालून ब्लॉकला ब्रॅकेट. भागीदार हसला. "ही ट्रॅक्टरवाल्यांची अक्कल," म्हणाला. शेठसमोर. मग त्याने मोबाइलवर समान लांबीच्या चार पाइपांच्या वेटोळ्यांचे फोटो दाखवले आणि शेठ तिथेच खलास.

काम त्याने देखणं केलं, हे मान्य करतो. १६ गेजचा, म्हणजे पातळ पत्र्याचा ३०४, प्रत्येक सांध्यावर सोनेरी-निळी झाक. त्र्यंबक रोडवर गाडी मस्त पळाली, शेठनी पेढे वाटले. मग ते मुंबईला गेले आणि परत येताना कसारा घाटात, सलग चढावर, बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) उतरला आणि बॉनेटखालून फुरफुर सुरू झाली. घाट संपेपर्यंत बॉनेटच्या रंगाला फोड आले होते आणि फायबर जळल्याचा तो उग्र वास. गाडी टेम्पोत घालून अंबडला आणली.

मॅनिफोल्ड काढून बाकावर ठेवला तेव्हा भेग आधी दिसेचना. चौथ्या सिलिंडरचा पाइप कलेक्टरला (चारही पाइप एकत्र येतात त्या तोंडाला) मिळतो तिथे, वेल्डवर नाही, वेल्डच्या अगदी कडेला, केसाएवढी. अर्धा घेर फिरलेली. कापून पाहिलं तर सांध्याच्या आतल्या बाजूला करपलेल्या साखरेसारखी काळी, खडबडीत खपली. म्हणजे वेल्डिंग करताना पाइपाच्या आतून आर्गॉन सोडलाच नव्हता, ज्याला पर्जिंग म्हणतात. वाइनच्या पाइपला हाच गडी पर्जिंग केल्याशिवाय टॉर्च पेटवत नसे. गाडीच्या कामाला म्हणे "आत कोण बघतंय". आत टर्बाइन (टर्बोचं धुराने फिरणारं चाक) बघतं. ती खपली सुटली की थेट त्याच्या पात्यांवर.

आता धातूचं. ३०४ हा ४५० ते ८५० अंशांच्या पट्ट्यात बराच वेळ राहिला की त्यातलं क्रोमियम कार्बनला जाऊन चिकटतं आणि कणांच्या सीमा कमजोर होतात. एक्झॉस्टचा सगळा जन्म त्याच पट्ट्यात जातो. ३२१ या स्टेनलेसच्या दुसऱ्या जातीत यासाठीच टायटॅनियम घातलेलं असतं. दुसरं, स्टेनलेस तापल्यावर जास्त वाढतं. ३०० मिमीचा तुकडा आठशे अंशांनी तापला की चार मिलिमीटरच्या वर लांबतो, आणि इंजिनाचं हेड, ज्याला मॅनिफोल्ड बसतो, ते तर पाण्याने थंड, जागचं हलत नाही. वाढलेला पाइप जाणार कुठे? सर्वांत कमजोर जागा शोधतो. त्यावर सहा-सात किलोचा टर्बो लोंबकळत असेल तर बघायलाच नको.

समान लांबीचा फायदा खोटा नाही. १-३-४-२ या क्रमाने येणारे धक्के सारख्या अंतराने टर्बाइनवर पोहोचतात, वरच्या आरपीएमला श्वास मोकळा राहतो. पण तुम्हाला हवेत दोनशे. त्या इंजिनाचे मूळ कनेक्टिंग रॉड चाकांवर मोजलेल्या अडीचशे हॉर्सपॉवरच्या आसपास वाकायला लागतात, म्हणजे ज्या पट्ट्यात समान लांबी पैसे वसूल करते तिथे तुमचं इंजिन जाणारच नाही. उलट लॉगमध्ये पाइपातली जागा कमी, म्हणून टर्बो लवकर जागा होतो. मित्सुबिशीने इव्हो या आपल्या वेगवान टर्बो गाडीला वर्षानुवर्षे कास्ट मॅनिफोल्डच दिला आणि २८० हॉर्सपॉवर काढली. आपल्याकडच्या पोलोच्या १.० टीएसआयला तर मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतलेला आहे. जुनाट म्हणायचं तर यांना म्हणा.

तेव्हा तिकडेच तुमच्या इंजिनसाठी बनलेला कास्ट मॅनिफोल्ड घ्या आणि वाचलेलं डोकं स्टडवर (दोन्ही टोकांना आटे असलेल्या बोल्टवर) खर्च करा. मियाटाच्या टर्बोची खरी बोंब तिथे आहे: टर्बो आणि मॅनिफोल्डमधले स्टड तापून लांबतात, नट सैल होतात, गॅस्केट उडतं. इनकोनेलचे (उष्णता सोसणाऱ्या निकेलच्या मिश्रधातूचे) स्टड आणि लॉकिंग नट, यात काटकसर नको. डाउनपाइपला (टर्बोतून धूर खाली नेणाऱ्या पाइपला) लवचीक बेलो (घड्यांची नळी) टाका, म्हणजे इंजिन हललं की सगळा भार फ्लँजवर येणार नाही. ऑइलची परतीची नळी जाड आणि सरळ उताराची ठेवा. बाकी इंटरकूलर, ट्यूनिंग वगैरे तुम्ही वाचलेलं दिसतंय.

स्टॉर्मचं पुढे काय झालं? मी माझा लॉग केला. फ्लँजला पोर्टांच्या मधे काप दिले, कडेची भोकं थोडी लांबट ठेवली, वेल्डिंगनंतर सरफेस ग्राइंडिंग करून घेतलं, ब्रॅकेट मारला. गंजून तांबडा झालाय, पण अजून गाडीवर आहे. भागीदाराचं म्हणणं की त्याचा मॅनिफोल्ड ब्रॅकेट नव्हता म्हणून फुटला, धातूचा दोष नव्हता. ब्रॅकेटने फरक पडला असता, हे खरं. पण तो ब्रॅकेट माझ्या पहिल्या स्केचमध्येच होता, आणि त्याला तो पाइपांच्या शोभेच्या आड येत होता.

दोन गोष्टी राहिल्या. साधं स्टील त्या तापमानाला खपल्या टाकतं, म्हणून ते जाड असेल तरच वापरावं. माझा लॉगही कास्टची जागा घेऊ शकत नाही. आणि तिकडे इन्शुरन्सला बदल कळवल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका.

एवढं वाचूनही स्टेनलेसच हवं असेल, तर ३२१ घ्या, पाइपाची जाडी शेड्युल १० च्या खाली नको, फिलर रॉड ३४७ चा, आणि वेल्डर आतून आर्गॉन सोडतोय हे समोर उभं राहून बघा. नुसतं गॅस्केट आणून भागणार नाही, जिग (वेल्डिंग करताना भाग जागच्या जागी धरणारा साचा) लावायला जुनं हेड लागेल, ते विमानातून आणायचा खर्च आधी धरा. अंबडला चौकशी करताना "गाडीचं काम आहे, वायनरीचं नाही" असं सांगितल्यावर जो हसेल, तो बहुधा आमचाच माजी भागीदार. त्याला स्टॉर्मबद्दल विचारा.