रिग्रेशन येते, पण कार्यकारणभाव कसा ओळखावा?

आपण विचारले आहे की अर्थमितीच्या (आर्थिक आकडेवारीच्या विश्लेषणाच्या) अभ्यासक्रमात रिग्रेशन, म्हणजे एक गोष्ट बदलली की दुसरी सरासरी किती बदलते हे आकडेवारीवरून काढण्याची पद्धत, शिकून झाले, परंतु त्यातून मिळालेला गुणांक, म्हणजे त्या बदलाचा आकडा, हा खरा परिणाम आहे की केवळ सहसंबंध (दोन गोष्टी सोबत बदलणे), हे कसे ठरवावे. माझ्या मते याचे उत्तर सूत्रात मिळत नाही. ज्या गोष्टीचा परिणाम मोजायचा आहे ती काहींच्याच वाट्याला का आली आणि इतरांच्या का आली नाही, हे आधी शोधावे लागते.

महिला सरपंच असल्याने गावाचा खर्च वेगळ्या कामांवर होतो का, हा प्रश्न घ्या. खुल्या जागेवर महिलेला निवडून देणारे गाव मुळातच वेगळे असू शकते. तिथे शिक्षण अधिक असेल किंवा महिलांचे संघटन जुने असेल, आणि मग खर्चातील फरक सरपंचामुळे पडला की गावामुळे, हे सांगता येत नाही. मात्र १९९३च्या ७३व्या घटनादुरुस्तीनंतर किमान एक तृतीयांश सरपंचपदे महिलांसाठी राखीव झाली आणि ती गावोगावी आळीपाळीने फिरू लागली. कोणते गाव राखीव होणार हे गावाच्या स्वभावावर अवलंबून राहिले नाही. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो या अभ्यासकांनी याच आधारावर पश्चिम बंगाल व राजस्थानातील २६५ पंचायतींचा अभ्यास करून २००४ मध्ये दाखवले की, राखीव पंचायतींत पिण्याच्या पाण्यासारख्या, महिला ज्यांविषयी अधिक तक्रारी करत त्या कामांवर जास्त गुंतवणूक झाली.

येथे विद्यार्थी हमखास एक चूक करतात: हाताशी असलेले प्रत्येक चल (बदलणारी, मोजता येणारी बाब) ते नियंत्रणासाठी, म्हणजे तिचा प्रभाव स्थिर धरण्यासाठी, समीकरणात घालतात. ग्रामसभेतील महिलांची उपस्थिती ही महिला सरपंचामुळेच वाढलेली असू शकते; ती स्थिर धरली की जो परिणाम मोजायचा, त्याचाच एक भाग आपण पुसून टाकतो.

राखीव जागांसारखे, गावाच्या स्वभावावर अवलंबून नसलेले वाटप नसेल तेव्हा तुलनेचा गट शोधावा लागतो. एप्रिल १९९२ मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याने तासाचे किमान वेतन ४.२५ डॉलरवरून ५.०५ डॉलरवर नेले, शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ते तसेच राहिले. डेव्हिड कार्ड आणि ॲलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी दोन्हीकडील फास्ट-फूड उपाहारगृहांची वाढीपूर्वी आणि वाढीनंतर माहिती घेतली. पूर्णवेळ कामाच्या हिशेबाने न्यू जर्सीतील सरासरी कर्मचारीसंख्या २०.४४ वरून २१.०३ झाली, तर पेनसिल्व्हेनियात ती २३.३३ वरून २१.१७ वर आली. म्हणजे एकीकडे ०.५९ची वाढ, दुसरीकडे २.१६ची घट, आणि या दोन बदलांतील फरक सुमारे २.७५. वेतन वाढले की रोजगार घटतोच, या समजाला या निष्कर्षाने धक्का दिला.

परंतु या वजाबाकीचा सारा भार एका गृहीतकावर आहे: वेतन वाढले नसते तर न्यू जर्सीतही पेनसिल्व्हेनियासारखाच बदल झाला असता. जे घडलेच नाही त्याविषयीचे हे विधान असल्याने कोणतीही चाचणी ते पूर्णपणे सिद्ध करू शकत नाही. आधीच्या काही वर्षांत दोन्ही राज्ये समांतर चालली होती का, एवढे तपासता येते. डेव्हिड न्यूमार्क आणि विल्यम वॉशर या अर्थतज्ज्ञांनी वेतनपटांच्या नोंदी वापरून २००० मध्ये याच निष्कर्षाला आव्हान दिले आणि कार्ड-क्रूगर यांनी त्याच वर्षी उत्तर दिले. पाठ्यपुस्तकाचे पुढचे प्रकरण उघडण्यापूर्वी हा वाद दोन्ही बाजूंनी वाचा, आणि वरील चार सरासरी आकड्यांवरून २.७५ हाच फरक रिग्रेशनचा गुणांक म्हणून स्वतः काढून पाहा.