टॅलेंट डेव्हलपमेंटमधला सहकारी दिवसभर नेमकं करतो काय?

तुमचा प्रश्न असा आहे की जेवताना रोज समोर बसणारे एक सहकारी टॅलेंट डेव्हलपमेंटमध्ये आहेत, ते काय करतात ते कळत नाही, आणि थेट विचारलं तर त्यांना लागेल का? आधीच्या एका उत्तरात कुणीतरी 'पीपीटी दाखवतात आणि समोसे वाटतात' असं लिहून मोकळं झालंय. ते वाचून डोकं फिरलं म्हणून लिहायला बसले.

मी चाकणच्या एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत क्वालिटीला होते. तिथे या खात्याला साधं 'ट्रेनिंग' म्हणायचे आणि ते खातं म्हणजे एकच माणूस. टूलरूममधून वर आलेला, पन्नाशी ओलांडलेला. सगळे त्यांना मास्तर म्हणायचे, थोडे आदराने, बाकीचे चेष्टेने.

एकदा कस्टमरची तक्रार आली. बुशचा (पोकळ नळीसारखा पार्ट) बोअर, म्हणजे आतलं भोक, ओव्हरसाइज, लॉट नाइट शिफ्टचा. ज्यांनी एट-डी रिपोर्ट (तक्रारीचं मूळ कारण आणि उपाय लिहायचा ठरलेला फॉर्म) भरलेत त्यांना पुढचं सांगायला नको. मूळ कारण: ऑपरेटरचा निष्काळजीपणा. उपाय: ऑपरेटरला पुन्हा ट्रेनिंग. पुरावा: हजेरीच्या कागदावर ऑपरेटरची आणि ट्रेनरची सही. प्रॉडक्शनच्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "मॅडम, संध्याकाळपर्यंत रिपोर्ट गेला पाहिजे. मास्तरांची सही घ्या आणि विषय संपवा."

मास्तरांनी कागद नीट वाचला आणि माझ्याकडेच परत सरकवला. "आधी पोराला बघू."

पोरगा लातूरकडचा, आयटीआय मशिनिस्ट. मास्तरांनी त्याला मशीनवर उभं केलं, इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) बदलायला लावला, ऑफसेट (टूल किती सरकवायचं तो आकडा) द्यायला लावला, पहिला पीस काढून बोअर गेजने मोजायला लावला. त्याचं रीडिंग मी स्वतः ताडून पाहिलं, बरोबर होतं. ऑफसेट चुकला तर काय होईल, असं विचारल्यावर म्हणाला, "लहान राहिला तर परत कापता येतो सर, मोठा झाला की भंगार."

मास्तर म्हणाले, "याला येतंय. येणाऱ्याला परत काय शिकवू?" आणि सही नाकारली.

साहेब भडकले. मास्तरांच्या टेबलावर काचेखाली एक जुनं कार्ड होतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत कारखान्यांतल्या नवख्या कामगारांना झटपट तयार करायला ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री नावाचा कार्यक्रम चालला होता, त्यातलं. त्यावरचं शेवटचं वाक्य असं, की कामगार शिकला नसेल तर शिकवणाऱ्याने शिकवलंच नाही. साहेबांनी त्यावर बोट ठेवलं. "मग दोष तुमचाच की हो मास्तर." मास्तर शांतपणे म्हणाले, "शिकलाय ना, म्हणून तर सही करत नाही."

त्या रात्री ते शिफ्टला थांबले. सकाळी मला वही दाखवली. १.४० इन्सर्ट बदलला, पीस तपासणीच्या टेबलावर. इन्स्पेक्टर दुसऱ्या शेडमध्ये. २.०५ अजून कुणी नाही. सुपरवायझर: 'मशीन का बंद?' २.०६ मशीन सुरू.

बस, एवढंच. रात्री तीन लाइनना मिळून एक इन्स्पेक्टर, बोअर गेज त्याच्या टेबलावर, आणि मशीन थांबलेली दिसली की दर तासाचं उत्पादन लिहायच्या बोर्डावर लाल आकडा. पहिला पीस पास झाल्याशिवाय पुढे जायचं नाही हे पोराला तोंडपाठ होतं. पण नियम पाळला की सकाळी बोलणी तोच खायचा. याला दहा वेळा ट्रेनिंग देऊन काय झाट फरक पडणार होता?

उपाय निघाला तो गो-नोगो प्लग गेजचा, मशीनलाच साखळीने बांधून ठेवलेला. गो बाजू सरळ आत गेली पाहिजे, नोगो तोंडाशीच अडली पाहिजे, निकाल ऑपरेटरच्या हातात. आणि बोर्डावर सेटिंगच्या वेळेचा वेगळा कॉलम, म्हणजे तो वेळ लाल धरायचा नाही. गेज लगेच आलं. कॉलमला साहेबांनी शेवटपर्यंत विरोध केला. त्यांचं म्हणणं, असं केलं तर पोरं सोकावतील. साहेब, सोकावली नाहीत. त्यानंतर त्या बुशची बोअरची तक्रार मी तिथे असेपर्यंत तरी आली नाही. दुसऱ्या तक्रारी आल्या, त्या येतच राहतात.

तर माझं मत असं की या खात्यातल्या माणसाची किंमत त्याने किती कोर्स घेतले यावरून करू नका, कुठला कोर्स घ्यायला तो नाही म्हणाला ते बघा. माणसाला येत नसेल तर शिकवा. येत असून करता येत नसेल तर वाट कुणी अडवलीय ते शोधा. हा फरक ओळखणं हे त्यांचं खरं काम आहे आणि तेच कुणाला नको असतं, कारण शोध घेतला की वाट अडवणारा बहुतेक वेळा वरच्या केबिनमध्ये सापडतो. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये ट्रेनिंग मोजायच्या चार पायऱ्या मांडल्या: आवडलं का, शिकले का, कामात वागणं बदललं का, आणि धंद्यात फरक पडला का. बहुतेक कंपन्या समोसा खाताना भरलेल्या फीडबॅक फॉर्मवर, म्हणजे पहिल्याच पायरीवर, बसून राहतात. त्याचं खापर मात्र ट्रेनिंगवर.

तुमच्या सहकाऱ्यांना 'तुम्ही काय करता' असं विचारू नका, त्यावर जॉब डिस्क्रिप्शन ऐकू येईल. स्किल मॅट्रिक्स, म्हणजे कुणाला कुठलं काम किती येतं याचा तक्ता, दाखवायला सांगा. त्यात प्रत्येकापुढे चार भागांचं वर्तुळ असतं: शिकतोय, देखरेखीखाली करतो, स्वतंत्र करतो, दुसऱ्याला शिकवतो. आयएटीएफ (वाहन उद्योगाचं क्वालिटीचं मानक) ऑडिटच्या आदल्या दिवशी एकाच पेनने सगळी वर्तुळं भरलेली असतील तर ते स्वतःच हसतील आणि गप्पा सुरू होतील. खरी भरलेली असतील तर कंपनीत कुणाला काय येतं हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नाही हे तुमच्या लक्षात येईल. लागणार वगैरे काही नाही, उलट कुणी विचारत नाही हेच त्यांचं दुखणं असतं.

अर्थात मी शॉपफ्लोअरचं सांगतेय. तुमची आयटी कंपनी असेल तर त्यांचा निम्मा दिवस 'तुमचं मॉड्यूल पूर्ण करा' असे मेल पाठवण्यात जात असेल, आणि समोसेवाले लोकही या खात्यात आहेत, नाही असं नाही. आणखी एक, प्रमोशनच्या यादीत कोण आहे ते जेवताना खोदून विचारू नका. चांगला माणूस सांगणार नाही. आमच्या साहेबांनी तेही विचारून पाहिलं होतं मास्तरांना, पण तो किस्सा इथे लिहिला तर ओळखतील मला.