एमआरआय नॉर्मल आहे, मग ‘मेंदूचं नेटवर्क बदललंय’ म्हणजे काय?

ताई, तुमचे दोन प्रश्न आहेत. ऐरोलीला तुमच्याकडे राहणाऱ्या धाकट्या भावाचा एमआरआय नॉर्मल आला आणि तरीही डॉक्टर म्हणाले की स्किझोफ्रेनिया या मानसिक आजारात मेंदूच्या भागांचा आपसातला संवाद बदलतो. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या कशा? आणि कुणीतरी सुचवलेलं महागडं ‘ब्रेन मॅपिंग’ करून निदान पक्कं करून घ्यावं का?

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो. ते पैसे घालवू नका. स्किझोफ्रेनियाचं निदान करून देणारा स्कॅन आजतरी नाही. एमआरआय, ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी), रक्ततपासण्या करतात त्या गाठ, फिट्स, थायरॉइड असं दुसरं काही नाही ना, हे बघायला. निदान होतं ते डॉक्टरांनी भावाशी आणि तुमच्याशी सविस्तर बोलून, काही काळ लक्ष ठेवून. नेटवर्कमधले फरक संशोधनात दिसतात ते शेकडो माणसांच्या सरासरीत. एकट्या माणसाच्या स्कॅनवर बोट ठेवून ‘हा बघा आजार’ असं म्हणता येत नाही, कारण आजार असलेल्या आणि नसलेल्या लोकांची मापं एकमेकांत बरीच मिसळलेली असतात.

आता पहिला प्रश्न. माझ्या थोरल्या भावाला हा आजार आहे आणि ठाण्यातल्या शुभंकरांच्या, म्हणजे रुग्णाची काळजी घेणाऱ्या घरच्यांच्या गटात हाच प्रश्न वारंवार येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

साधा एमआरआय मेंदूची रचना दाखवतो. कोणता भाग कोणाशी, कधी आणि किती जोरात बोलतो हे त्यात दिसत नाही. त्यासाठी फंक्शनल एमआरआय असतो. त्यात रक्तातल्या ऑक्सिजनच्या बदलांवरून कोणते भाग एकाच लयीत वर-खाली होतात ते कळतं. कार्ल फ्रिस्टन आणि ख्रिस फ्रिथ या मेंदूसंशोधकांनी 1995 मध्ये मांडलं की या आजारात एखादा भाग तुटलेला नसतो, भागांमधला ताळमेळ बदललेला असतो. पुढे बरंच संशोधन या दिशेने गेलं.

त्यातली मला सर्वांत उपयोगी वाटलेली गोष्ट गुदगुल्यांची आहे. स्वतःच स्वतःला गुदगुल्या करून बघा, होत नाहीत. हात हलवतानाच मेंदू स्पर्श जाणणाऱ्या भागाला कळवतो की हा स्पर्श आपलाच आहे, आणि तो भाग प्रतिसाद कमी करतो. लंडनमध्ये 2000 साली संशोधक सारा-जेन ब्लेकमोर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ज्यांना आवाज ऐकू येतात किंवा कुणीतरी आपल्याला चालवतंय असं वाटतं, त्यांना स्वतःचा स्पर्शही दुसऱ्याने केल्याइतकाच तीव्र जाणवतो. बोलण्याचंही असंच आहे. बोलताना मेंदूचा पुढचा भाग ऐकणाऱ्या भागाला आधीच सूचना देतो, आणि ईईजीत त्या भागाचा प्रतिसाद घटलेला दिसतो. स्किझोफ्रेनियात ही घट कमी असते. मनातल्या मनात बोलतानाही ही सूचना नीट पोहोचत नसेल, तर स्वतःचाच विचार बाहेरून आलेला आवाज वाटू शकतो. भास कसे होतात याचं हे एक भक्कम स्पष्टीकरण आहे, एकमेव नाही.

म्हणूनच ‘असं काही नाहीये, तुझ्या मनाचे खेळ आहेत’ असं भावाला सांगू नका. त्याला खरंच ऐकू येतंय. ‘मला ऐकू येत नाही, पण तुला किती त्रास होतोय ते दिसतंय’ एवढं म्हणा.

दुसरी गोष्ट महत्त्व ठरवणाऱ्या जाळ्याची, म्हणजे सेलियन्स नेटवर्कची. ठाणे स्टेशनच्या गर्दीत शेकडो आवाज कानावर पडतात, पण आपलं लक्ष जातं आपल्या गाडीच्या घोषणेकडे. ही निवड मुख्यतः हे जाळं करतं. स्वतःच्या विचारांत रमलेल्या मेंदूला बाहेरच्या कामाकडे वळवण्यातही त्याचा वाटा असतो. स्किझोफ्रेनियात ही अदलाबदल नीट होत नाही, असं अनेक अभ्यासांत दिसलंय. मानसोपचारतज्ज्ञ शितिज कपूर यांनी 2003 मध्ये याला डोपामिन या मेंदूतल्या रसायनाची जोड दिली: डोपामिन अवेळी वाढलं की क्षुल्लक गोष्टींनाही मोठा अर्थ चिकटतो. समोरचा माणूस खोकला तो मला इशारा द्यायला, असं वाटतं. गोळ्या मुख्यतः या डोपामिनवर काम करतात. म्हणून संशयाची धार हळूहळू बोथट होते, आणि बरं वाटलं म्हणून गोळ्या आपल्या मनाने बंद केल्या की ती परतण्याचा धोका फार वाढतो.

थॅलॅमसचंही, म्हणजे संवेदनांचे संदेश पुढे पाठवणाऱ्या मेंदूच्या आतल्या भागाचंही थोडक्यात सांगतो. त्याचा मेंदूच्या पुढच्या भागाशी संपर्क सरासरीने कमी आणि संवेदना-हालचालींच्या भागांशी जास्त आढळतो. घरातला कलकलाट भावाला का सोसत नाही, याचं पूर्ण उत्तर यात आहे असं मी म्हणणार नाही. पण टीव्ही बंद करून, एका वेळी एकच गोष्ट सांगून उत्तरासाठी थांबलात, तर फरक पडतो. आमच्या घरी खूप पडला. तो उशिरा उत्तर देतो तो आळस नव्हे, हे आईवडिलांनाही जरूर सांगा.

तुमच्या आईने स्वतःला दोष लावून घेतलाय असं तुम्ही लिहिलंत, ते वाचून वाईट वाटलं. हा आजार संगोपनामुळे होत नाही. यात आनुवंशिकतेचा मोठा वाटा आहे आणि मेंदूतली जोडणी घडतानाच फरक पडत असावा, असं संशोधन सांगतं. घरातली सततची टीका मात्र आजार उलटण्याची शक्यता वाढवते, आणि तेवढं आपल्या हातात आहे.

स्कॅनचे पैसे फॉलोअप आणि समुपदेशनासाठी ठेवा. ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात ओपीडी आहे. रात्री-अपरात्री घाबरायला झालं, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबर चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. स्वतःला किंवा कुणाला इजा करण्याची भाषा तो करत असेल, तर फोनवर न थांबता जवळच्या इस्पितळात न्या.