पत्रकार मैत्रिणीला खोट्या प्रकरणात उचललं, तर सह्यांच्या मोहिमेखेरीज आणखी काय करता येतं?

तुम्ही लिहिलंय की तुमची मैत्रीण भ्रष्टाचाराच्या बातम्या करते, तिला ‘आत टाकू’ अशा धमक्या येतायत, आणि तसं झालंच तर बाहेरच्यांच्या हातात ऑनलाइन सह्या गोळा करण्यापलीकडे काही असतं का. देश तुम्ही सांगितला नाहीत, ते बरं केलंत. इथे सांगूही नका. कुठेही लागू पडेल एवढंच मी लिहिते.

मी वकील नाही. पत्रकार आणि मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्यांच्या अटकांच्या नोंदी ठेवणाऱ्या एका लहानशा गटात मी काही वर्षं काम केलं. तसं कंटाळवाणंच काम होतं ते. कोणाला कधी नेलं, कोणतं कलम लावलं, वकील पहिल्यांदा कधी भेटला, न्यायाधीशासमोर कधी उभं केलं, असे रकाने भरायचे. पण अशा तारखा एकाखाली एक लिहीत गेलं की एक गोष्ट डोळ्यांत भरते. मारहाण, झोपू न देणं, कोऱ्या कागदावर सह्या घेणं, यातलं बरंचसं अशा वेळात होतं जो कुठल्याच कागदावर नसतो. माणूस उचलल्यापासून त्याची अटक ‘दाखवेपर्यंत’चा तो वेळ. माणूस त्यांच्या ताब्यात असतो आणि विचारायला जाल तर ‘इथे असं कोणी नाही’ हे उत्तर मिळतं. हा बिननोंदीचा वेळ जितका आखूड कराल तितकं तिचं रक्षण होईल, असं माझं मत आहे. तुमचे सगळे प्रयत्न आधी तिथे लागू देत.

कायदा याच्या बाजूने आहे, निदान कागदावर तरी. नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारातलं ९ वं कलम सांगतं की अटकेचं कारण त्याच वेळी सांगायचं आणि माणसाला लवकर न्यायाधीशासमोर न्यायचं. ‘लवकर’ म्हणजे किती, यावर या करारावर देखरेख ठेवणाऱ्या समितीने २०१४ मध्ये आपलं मत दिलं: एरवी ४८ तास पुरेसे आहेत, त्याहून उशीर हा अगदी अपवाद असावा आणि त्याला तसंच कारण असावं. तुमच्या देशाने हा करार मान्य केला असेल तर हा ४८ चा आकडा वकिलाच्या अर्जात यायलाच हवा. घरचा कायदा त्याहून कडक असेल, म्हणजे २४ तासांचा असेल, तर अर्थात तोच आधी. माणूस कुठे आहे तेच कळत नसेल तेव्हा बंदी प्रत्यक्षीकरणाचा (हेबियस कॉर्पस) अर्ज, म्हणजे ताब्यातल्या माणसाला कोर्टापुढे हजर करा अशी मागणी. हा अर्ज दुसऱ्या दिवसावर ढकलू नका.

हा वेळ लांबला की काय होतं, हे म्यानमारमधल्या एका प्रकरणात स्वच्छ दिसतं. रॉयटर्सचे वा लोन आणि क्यॉ सो ऊ हे दोघे बातमीदार इन दिन गावात मारल्या गेलेल्या दहा रोहिंग्या पुरुषांची माहिती काढत होते. १२ डिसेंबर २०१७ रोजी पोलिसांनी त्यांना यांगूनमध्ये जेवायला बोलावलं, हातात कागद ठेवले, आणि बाहेर पडताच ते कागद गोपनीय असल्याचं सांगून पकडलं. जवळजवळ दोन आठवडे घरच्यांना ना भेट ना पत्ता. झोपू दिलं नाही, डोक्यावर कापडी पिशवी चढवली, तासन्‌तास गुडघ्यांवर बसवलं, असं त्यांनी नंतर कोर्टात सांगितलं. पुढे मो यान नाइंग नावाच्या पोलीस कॅप्टनने साक्ष दिली की वरिष्ठांनीच हा सापळा लावायला सांगितला होता. खटला त्याच दिवशी संपायला हवा होता, नाही का? त्याऐवजी शिस्तभंगाच्या नावाखाली त्या कॅप्टनलाच एक वर्षाची कैद झाली आणि बातमीदारांना सात-सात वर्षांची. ते सुटले ७ मे २०१९ ला, माफीवर, पाचशेहून अधिक दिवसांनी.

या प्रकरणातून तुमच्या मैत्रिणीने घ्यायच्या दोन गोष्टी. अनोळखी सूत्राने, किंवा ओळखीच्या अधिकाऱ्यानेही, न मागता कागद हातात दिले तर ते घेऊन बाहेर पडायचं नाही. आणि अशा भेटीला जाण्याआधी ‘कुठे चालले, कोणाला भेटतेय, किती वाजता फोन करीन’ हे दोन माणसांना माहीत असलं पाहिजे. एक नव्हे, दोन, कारण एकाचा फोन नेमका त्याच दिवशी बंद असतो. ठरलेल्या वेळेनंतर किती थांबायचं तेही आधीच ठरवा, नाहीतर ‘ट्रॅफिकमध्ये अडकली असेल’ म्हणत रात्र जाते.

आता तुमचा मूळ प्रश्न, पत्रं आणि सह्यांचा. मलाही आधी तो पोरखेळ वाटायचा. १९७३ साली ब्राझीलमध्ये लष्करी राजवटीने लुइझ बासिलियो रोसी नावाच्या प्राध्यापकाला पकडलं. त्यांच्यासाठी अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलने जगभरातून तातडीने पत्रं पाठवायची पहिली मोहीम काढली. सुटल्यावर रोसींनी जे सांगितलं त्याचा मथितार्थ असा, की आपलं प्रकरण उघड झालंय हे कळलं तेव्हाच त्यांची खात्री पटली की आता हे लोक आपल्याला मारू शकत नाहीत, आणि तिथून दबाव कमी होत गेला. पत्रांनी लगेच कुलूप उघडलं असं नाही, पण ‘या माणसाबद्दल विचारणारं कोणीतरी आहे’ हा निरोप त्यांनी तुरुंगापर्यंत पोचवला. म्हणून पहिल्या दोन दिवसांतलं एक पत्र, ज्यात ठाण्याचं नाव, नेल्याची वेळ आणि ‘ती कुठे आहे ते लेखी कळवा’ एवढी एकच मागणी आहे, ते महिन्याभराने जमवलेल्या लाखभर सह्यांपेक्षा मला मोलाचं वाटतं. हॅशटॅग नंतर चालवा.

मात्र गाजावाजा करायचा की नाही हा निर्णय तुमचा नाही. तो तिचा आहे, आणि ती आत असेल तर तिने आधी नेमून ठेवलेल्या माणसाचा. मी हाताळलेल्या एका प्रकरणात घरच्यांना सांगितलं गेलं, ‘बोंब मारू नका, सकाळपर्यंत सोडतो.’ ते तीन दिवस गप्प बसले. चौथ्या दिवशी अटक दाखवली, तीही तिसऱ्या दिवसाची तारीख घालून. उलटंही पाहिलंय: शांतपणे बोलणी चालू होती, बाहेरच्या उत्साही मित्रांनी नाव फोडलं आणि समोरच्याने पाय घट्ट रोवले. माझा कल सहसा बोलण्याकडे आहे, पण ‘सहसा’ हा शब्द मी जाणूनबुजून लिहिलाय. मधला मार्ग असा की बाहेर न बोलताही नोंद करता येते: वकिलाचा लेखी अर्ज, दूतावासांना पत्र, पत्रकार संघटनेला कळवणं. यातलं काहीच वर्तमानपत्रात यावं लागत नाही. आणि ती ज्या देशात काम करते तिथली नागरिक नसेल, तर १९६३ च्या व्हिएन्ना कराराप्रमाणे तिच्या मागणीवरून तिच्या दूतावासाला कळवणं पकडणाऱ्यांवर बंधनकारक असतं. ती मागणी तिने तोंडाने करायला हवी, हे तिला माहीत असू दे.

दुसरी गोष्ट, जिच्यासाठी लोक फारसे तयार नसतात. आरोप पत्रकारितेचा नसेलच. बेलारूसचे मानवी हक्क कार्यकर्ते अलेस बियालियात्स्की, ज्यांना पुढे २०२२ चं शांततेचं नोबेल मिळालं, त्यांना २०११ मध्ये करचुकवेगिरीबद्दल साडेचार वर्षांची शिक्षा झाली. त्यांच्या संस्थेची नोंदणी सरकारने रद्द केली होती, त्यामुळे कामाचे पैसे लिथुआनिया आणि पोलंडमधल्या त्यांच्या वैयक्तिक खात्यांत यायचे. आणि त्या खात्यांची माहिती बेलारूसला दिली कोणी? त्या दोन्ही देशांनीच, परस्पर कायदेशीर मदतीच्या कराराखाली. नंतर दोघांनी माफी मागितली. फिलिपिन्सच्या पत्रकार मारिया रेसा यांच्यावरही कराचे खटले होते, त्यातून त्या २०२३ मध्ये निर्दोष सुटल्या. अझरबैजानच्या खदीजा इस्माईलोवा राष्ट्राध्यक्षांच्या कुटुंबाच्या संपत्तीवर लिहायच्या. २०१४ मध्ये त्यांना पकडलं ते एका माणसाला आत्महत्येस प्रवृत्त केल्याच्या आरोपावरून! मग त्यात अपहार आणि करचुकवेगिरी जोडली गेली.

तेव्हा तुमच्या मैत्रिणीचं कर-विवरण, घरभाड्याचा करार, मानधनाच्या पावत्या, गाडीची कागदपत्रं, सगळं चोख हवं. कंटाळवाणं आहे, पण सापळा बहुतेक वेळा इथेच लागतो. आणि असा आरोप लागला की मित्रमंडळी बिचकतात, ‘काहीतरी केलं असेल’ म्हणतात. तुम्ही तरी बिचकू नका. आरोपाची तारीख तिच्या कोणत्या बातमीनंतर किती दिवसांनी आली, हे मांडून ठेवा. खदीजांच्या प्रकरणात युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने २०२० मध्ये अटकेमागचा हेतू त्यांना गप्प करण्याचा होता असं म्हटलं. असा छुपा हेतू शाबीत करायला तारखांचा क्रमच हाताशी येतो.

खदीजा आत असताना आणखी एक झालं. बाहेरच्या सहकारी पत्रकारांनी त्यांचं अर्धं राहिलेलं काम पुढे नेलं आणि छापलं. वा लोन आणि क्यॉ सो ऊ यांचीही इन दिनची बातमी ते कोठडीत असतानाच प्रसिद्ध झाली. बातमी थांबवण्यासाठी माणूस आत टाकला आणि बातमी तरीही आली, तर त्या अटकेचा उपयोगच संपतो. आज फॉरबिडन स्टोरीज नावाची संस्था हेच करते: धोक्यातल्या पत्रकारांची सामग्री सुरक्षित ठेवायची आणि त्यांना गप्प केलं गेलं तर काम पुढे न्यायचं. तुमच्या मैत्रिणीने आपल्या कामाची प्रत विश्वासू सहकाऱ्याकडे ठेवली, तर मला वाटतं तिच्यावरचा धोका थोडा तरी उतरेल.

फोनबद्दल थोडक्यात. बोटाच्या ठशाऐवजी लांब पासवर्ड, जोखमीच्या ठिकाणी जाताना फोन पूर्ण बंद, सूत्रांचे संदेश आपोआप पुसले जातील अशी सोय आधीपासून. अटकेनंतर बाहेरून कोणी काही पुसायला जाऊ नका. पुरावा नष्ट केल्याचं नवं कलम लागतं. पासवर्ड न देणं हा काही देशांत गुन्हा आहे, ते वकिलाला विचारून ठेवा.

छळ झाल्याची शंका असेल तर घाई डॉक्टरची. काळेनिळे वळ आठ-पंधरा दिवसांत जातात आणि सुनावणी त्यानंतर असते. छळाची वैद्यकीय नोंद कशी करायची याचे आंतरराष्ट्रीय नियम आहेत, इस्तंबूल प्रोटोकॉल म्हणतात त्यांना; १९९९ चे, २०२२ मध्ये सुधारलेले. तपासणी पोलिसांच्या कानाआड आणि नजरेआड व्हायला हवी, शरीराच्या आकृतीवर प्रत्येक खूण नोंदवायची, मनावरचे परिणामही लिहायचे. खुणा नाहीत म्हणजे छळ झाला नाही असा अर्थ काढायचा नाही, हे त्यात स्पष्ट आहे. वकिलाने पहिल्याच भेटीत स्वतंत्र डॉक्टर मागावा. तिला एकटीला कोंडलं असेल तर दिवस मोजा: संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या नेल्सन मंडेला नियमांनुसार सलग १५ दिवसांपेक्षा जास्त एकांतकोठडी निषिद्ध आहे.

संयुक्त राष्ट्रांचा उल्लेख आला की लोक हसतात. हसण्यासारखं आहेही थोडं. पण एक खिडकी खरोखर वापरण्याजोगी आहे: मनमानी स्थानबद्धतेवरचा कार्यगट, १९९१ पासून चालू असलेला, पाच तज्ज्ञांचा. कुटुंबीयही थेट अर्ज करू शकतात, पैसे लागत नाहीत, घरची सगळी कोर्टं आधी पालथी घातलेली असावी लागत नाहीत. सरकारला उत्तराला ६० दिवस मिळतात, आणि उत्तर आलं नाही तरी गट आपलं मत देऊ शकतो. जीव धोक्यात असेल तर तातडीच्या पत्राची वेगळी वाट आहे. मत सरकार धुडकावू शकतं, पण जामिनाच्या अर्जात किंवा दुसऱ्या देशात आश्रय मागताना तो कागद वजन आणतो. हे मत नावानिशी जाहीर होतं, म्हणून अर्जाआधी तिची किंवा घरच्यांची संमती घ्या. पैसे, वकील किंवा तात्पुरतं स्थलांतर हवं असेल तर मानवी हक्क कार्यकर्त्यांसाठी डब्लिनची फ्रंट लाइन डिफेंडर्स आणि पत्रकारांसाठी सीपीजे (कमिटी टू प्रोटेक्ट जर्नलिस्ट्स) या संस्था तातडीची मदत देतात.

सीपीजेच्या मोजणीप्रमाणे १ डिसेंबर २०२४ रोजी जगभरात ३६१ पत्रकार तुरुंगात होते. हा फक्त त्या एका दिवसाचा आकडा. मार्चमध्ये उचलून जूनमध्ये सोडलेला माणूस त्यात नाही, आणि सुटलेल्यांच्या मागे जप्त लॅपटॉप, अडकवलेला पासपोर्ट आणि दर आठवड्याची ठाण्यातली हजेरी वर्षानुवर्षं राहते. मदत करणारे मात्र सुटकेच्या दिवशी फोटो काढून पांगतात.

तुम्ही या आठवड्यात तिच्याबरोबर बसा. वकीलपत्रावर सही करून ते वकिलाकडे ठेवायला सांगा, औषधांची यादी घ्या, आणि तिला दोन प्रश्न विचारा: तू आत असलीस तर तुझ्या वतीने कोणी बोलायचं, आणि आईला काय सांगायचं. माझ्या अनुभवात दुसऱ्याला जास्त वेळ लागतो.