मोर्चा दिसला नाही, मग कार्यकर्ती कशी?

प्रश्न : ‘ऑड्री लॉर्ड : द बर्लिन इयर्स’ हा माहितीपट पाहिला. काळी अमेरिकन कवयित्री आणि कार्यकर्ती म्हणून ऑड्रीचं कौतुक आहे, पण पडद्यावर ती कविता वाचते, बाजारात फिरते, मैत्रिणींबरोबर नाचते. मोर्चा नाही, घोषणा नाहीत. मग कार्यकर्ती कशी? आणि न्यूयॉर्कची बाई बर्लिनलाच का जात राहिली?
– एक वाचक, मिरज

उत्तर : पहिल्यांदा पाहताना मलाही हेच वाटलं होतं. दुसऱ्यांदा मी ऑड्रीपेक्षा तिच्यासमोर बसलेल्या काळ्या मुलींकडेच बघत राहिले. कुणाचे वडील दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत आलेले काळे अमेरिकन सैनिक, कुणाचे आफ्रिकेतले. आई गोरी जर्मन. जन्म तिथला, भाषा तीच, तरी जो तो विचारणार, ‘तू मूळची कुठली?’ स्वतःला काय म्हणायचं, तर हिणवणारे शब्द तेवढे हाताशी. १९८४ मध्ये ऑड्री बर्लिनच्या फ्री युनिव्हर्सिटीत शिकवायला आली आणि तिच्याभोवती जमलेल्या या मुलींनी स्वतःसाठी नाव घडवलं : आफ्रो-जर्मन. कार्यक्रमानंतर ती काळ्या बायकांना थांबवून घ्यायची. एकमेकींशी बोला म्हणायची, लिहा म्हणायची.

त्यांनी लिहिलं. १९८६ मध्ये ‘फार्बे बेकेनेन’ (आपला रंग उघडपणे सांगणं) हे पुस्तक आलं. त्यांच्यातल्याच माय आयिम या कवयित्रीचा विद्यापीठातला प्रबंध हा त्याचा पाया. (श्प्रे नदीकाठच्या एका रस्त्याला आता तिचं नाव आहे, पूर्वी तिथे आफ्रिकेत गुलामांच्या व्यापाराचा किल्ला उभारणाऱ्या माणसाचं नाव होतं. बर्लिनला गेलात तर जरूर जा.) काळ्या जर्मनांची संघटनाही त्याच सुमाराला उभी राहिली. माझं आयुष्य वाचनालयात गेलं, ऑड्रीही काही वर्षं ग्रंथपाल होती. एकेकट्या पडलेल्या बायकांनी मिळून पुस्तक काढणं मला मोर्च्याहून तसूभरही कमी वाटत नाही.

पुस्तकाच्या संपादकांपैकी एक, डागमार शुल्त्स, हीच या माहितीपटाची दिग्दर्शिका. २०१२ चा हा माहितीपट तिने स्वतःकडच्या जुन्या चित्रणातून उभा केला, म्हणून तो इतका घरगुती वाटतो.

आता बर्लिन. शिकवायला जाण्याच्या थोडंच आधी ऑड्रीला कळलं होतं, की कॅन्सर यकृतात पसरलाय. बर्लिनमध्ये तिला निसर्गोपचार करणारे एक डॉक्टर भेटले, त्यांच्या उपचारांसाठी ती १९९२ पर्यंत पुन्हा पुन्हा येत राहिली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ती वारली. तुम्ही पाहिलेला तो बाजार, ते नाचणं, सगळं या आजारपणातलं आहे. तेवढं लक्षात ठेवून नाचाचा प्रसंग पुन्हा बघा.