वेबसाइट नवी करायची की आहे तीच दुरुस्त करायची?

प्रश्न : आमच्या व्यवसायाची वेबसाइट सहा वर्षांपूर्वीची आहे. वर्षभरात तिच्यावरून येणारी चौकशी निम्म्यावर आली. वेबसाइटवाले म्हणतात, डिझाइन जुनं झालंय, सगळं नव्यानं करू. खरंच गरज आहे का?

उत्तर : वयावरून काही ठरत नाही. चौकशी नेमकी कुठे गळते, ते आधी शोधा.

पहिली तपासणी चौकशीच्या फॉर्मची. मोबाइलचं वाय-फाय बंद करून स्वतःच तो भरा आणि मेल इनबॉक्समध्ये येतो की स्पॅममध्ये, ते पाहा. फॉर्म 'धन्यवाद' म्हणतो आणि मेल पोचतच नाही, असं सर्रास घडतं. वेबसाइटचा सर्व्हर तुमच्या डोमेनच्या नावानं मेल पाठवतो, पण डोमेनच्या एसपीएफ नोंदीत (या नावानं मेल कोणी पाठवायचा त्याची यादी) त्या सर्व्हरचं नाव नसतं. किंवा 'प्रेषक' म्हणून फॉर्म भरणाऱ्याचाच ईमेल पत्ता घातलेला असतो. दोन्ही वेळा मेल बनावट समजून अडवला जाऊ शकतो. ही किरकोळ दुरुस्ती आहे; तिच्यासाठी वेबसाइट पाडायची गरज नाही.

फॉर्म ठीक असेल तर गूगल सर्च कन्सोल उघडा; तुमची साइट गूगलच्या शोधात कशी दिसते, ते सांगणारं हे गूगलचं मोफत साधन. त्यात १६ महिन्यांची आकडेवारी असते. गेले तीन महिने आणि गेल्या वर्षीचे तेच तीन महिने शेजारी ठेवा. इम्प्रेशन्सच (शोधात तुमची साइट किती वेळा दिसली ते) घटली असतील, तर लोक तुमच्यापर्यंत येतच नाहीत; रंग आणि फॉन्ट बदलून ते येणार नाहीत. इम्प्रेशन्स तेवढीच पण क्लिक कमी असतील, तर पानांची शीर्षकं आणि त्याखालचं वर्णन तपासा. क्लिक पूर्वीइतकेच आणि चौकशी मात्र कमी, तर गळती साइटच्या आत आहे.

आत बहुधा वेग नडतो. पेजस्पीड इनसाइट्स या गूगलच्या वेग मोजणाऱ्या साधनात साइटचा पत्ता टाकल्यावर १०० पैकी गुणांकडे सगळे पाहतात. त्यापेक्षा वर दिसणारे, खऱ्या वापरकर्त्यांचे २८ दिवसांचे आकडे पाहा. (कमी वर्दळीच्या साइटला ते मिळत नाहीत.) एलसीपी (पानावरचा सर्वांत मोठा भाग दिसायला लागणारा वेळ) २.५ सेकंदांच्या आत, आयएनपी (क्लिक किंवा टॅपला पान प्रतिसाद देतं तो वेळ) २०० मिलिसेकंदांपर्यंत आणि सीएलएस (उघडताना पानावरचा मजकूर किती हलतो ते) ०.१ पर्यंत हवा. एलसीपी बिघडवणारा नेहमीचा गुन्हेगार म्हणजे मुख्य पानावरचा स्लायडर, म्हणजे एकामागून एक सरकणारे फोटो: कॅमेऱ्यातून थेट चढवलेले, ४००० पिक्सेल रुंदीचे, प्रत्येकी ३-४ एमबीचे पाच फोटो. स्लायडर काढा, एकच फोटो ठेवा, मोबाइलसाठी तो साधारण ८०० पिक्सेल रुंद करून वेबपी या कमी आकाराच्या फोटो-स्वरूपात द्या. १००-१५० केबीत काम भागतं. त्या पहिल्या फोटोला लेझी लोडिंग (गरज पडेल तेव्हाच फोटो उतरवणं) मात्र लावू नका, तो उलट उशिरा येतो.

मग नवी साइट कधी करायची? मोबाइलवर मजकूर चिमटीनं मोठा करून वाचावा लागत असेल, तेव्हा. थीम (साइटचा तयार साचा) किंवा प्लगिन (जोडलेल्या जादा सोयी) यांना अपडेट मिळणं थांबलंय आणि पीएचपीची, म्हणजे साइट ज्या भाषेवर चालते तिची, नवी आवृत्ती टाकली की साइट कोसळते, तेव्हाही. पीएचपी ७.४ला सुरक्षा-अपडेट मिळणं नोव्हेंबर २०२२मध्ये संपलं. अजून त्यावरच अडकला असाल, तर तो सुरक्षेचाच धोका आहे. तिसरं कारण आम्ही सर्वांत मोठं मानतो: धंदा बदलला, पण मेनू जुनाच राहिला. साइटवर लिहिलेलीच गोष्ट ग्राहक फोन करून विचारू लागले, की मांडणी चुकली समजा. खात्री करायची तर पाच जणांना बसवा, 'आमची परत घेण्याची अट शोधा' म्हणा, आणि स्वतः तोंड बंद ठेवून बघा.

प्रश्न : नवी साइट सुरू केली आणि गूगलवरून येणारे लोक काही आठवड्यांत जवळजवळ थांबले. काय चुकलं?

उत्तर : आधी नोइंडेक्स पाहा. साइट बनत असताना ती शोधात दाखवू नये म्हणून गूगलला रोखणारी ही खूण केलेली असते आणि ती काढायची राहून जाते. वर्डप्रेसमध्ये ती सेटिंग्जच्या रीडिंग पानावर सापडेल.

तिथे काही नसेल, तर बहुधा पानांचे पत्ते बदललेत. प्रत्येक जुन्या पत्त्यावरून त्याच विषयाच्या नव्या पानाकडे ३०१ रीडायरेक्ट (पत्ता कायमचा बदलल्याचं सांगून आपोआप वळवणं) हवं. सगळे पत्ते सरसकट मुख्य पानावर वळवले, तर गूगल ते 'पान सापडलं नाही' असंच धरू शकतं. जुन्या पत्त्यांची यादी सर्च कन्सोलच्या पानांच्या अहवालात अजून मिळेल. सर्वाधिक क्लिक असलेल्या पानांपासून सुरुवात करा आणि ही वळणं किमान वर्षभर तरी काढू नका.